कसोटी काळ्या रंगाची

दसरा-दिवाळी जवळ आली, की टीव्हीच्या दुकानांत एक ठरावीक मिरवणूक दिसू लागते. पुढे वडील, त्यांच्या शेजारी मोबाइलवर सवलतीची जाहिरात उघडून उभी असलेली आई, मागे ‘त्याच्यापेक्षा मोठा घेऊ या’ म्हणून कुजबुजणारी मुले आणि सर्वांत शेवटी, ज्यांचे मत कोणी विचारत नाही पण तो टीव्ही दिवसाचे सात-आठ तास पाहणार आहेत असे आजोबा. समोर भिंतभर पडदे. त्यांवर हिरवेगार पोपट, कापलेली कलिंगडे, निळेशार समुद्र आणि रात्री झगमगणारी परदेशी शहरे. सगळेच सुंदर. पंधरा मिनिटांत निर्णय होतो आणि तो बहुतेक वेळा सर्वांत झळाळत्या पडद्याच्या बाजूने होतो.

वास्तविक पोपट पाहण्यासाठी कोणी पाऊण लाख रुपये मोजत नाही. मोठा टीव्ही घरी येतो तो रात्रीची जेवणे आटोपल्यावर, दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवून, चार माणसांनी मिळून एखादा चित्रपट पाहावा म्हणून. म्हणजे वस्तू वापरायची अंधारात आणि पारखायची लख्ख उजेडात, असा हा व्यवहार.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो. मार्चअखेर आली, की शाखाशाखांतून ठेवींसाठी धावपळ सुरू होई. कुणा कारखानदाराला, कुणा संस्थेला गळ घालून मोठी रक्कम आणायची, ३१ मार्चच्या रात्री ताळेबंद भरघोस दाखवायचा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रक्कम आल्या पावली परत जायची. आकडे खोटे नसत. फक्त तो वर्षातल्या एकाच दिवसाचा चेहरा असे. म्हणून जाणता तपासनीस म्हणे, ‘ऑगस्टमधल्या एखाद्या साध्या मंगळवारी काय शिल्लक होती, ते दाखवा.’ दुकानातला टीव्ही म्हणजे ३१ मार्चचा ताळेबंद. आपल्याला पाहायचा असतो तो ऑगस्टमधला मंगळवार.

एका उत्तम टीव्हीचा अंत

उजेडात पारखण्याच्या या सवयीची किंमत मोजावी लागलेला एक टीव्ही आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला. त्याचे नाव प्लाझ्मा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ‘आमच्याकडे प्लाझ्मा आहे’ असे सांगताना लोकांचा आवाज थोडा चढत असे. आज तो कुठल्याही दुकानात नवा मिळत नाही. पण चांगले चित्र म्हणजे काय, हे त्याच्या चरित्रातून जितके स्वच्छ कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही.

त्याचा जन्म करमणुकीसाठी झालाच नव्हता. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात संगणकावरून विद्यार्थ्यांना शिकवण्याची ‘प्लेटो’ नावाची योजना चालू होती. तिच्यासाठी पडदा हवा म्हणून डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये हा पडदा तयार केला. दोन काचांमध्ये बारीक बारीक कप्पे, त्यांत निऑनसारखा वायू, आणि विजेचा दाब दिला की तो वायू चमकणार. तेव्हाचे चित्र एकरंगी, नारिंगी होते. रंगीत चित्र यायला बराच काळ जावा लागला. जपानच्या फुजित्सु कंपनीने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत प्लाझ्मा पडदा आणला आणि १९९७ च्या सुमारास ४२ इंची संच अमेरिकेत विक्रीला आले, तेव्हा त्यांची किंमत १५ हजार डॉलरच्या आसपास होती.

या टीव्हीचे मर्म असे, की त्याच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र दिवाच. लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे मिळून एक ठिपका. ज्या ठिकाणी अंधार दाखवायचा तिथला दिवा जवळजवळ विझायचा, शेजारचा मात्र पूर्ण तेजाने जळत राहायचा. त्याचा प्रतिस्पर्धी एलसीडी टीव्ही वेगळ्या रीतीने चालतो. त्याच्या पडद्यामागे एक मोठा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढे द्रवस्फटिकांच्या लाखो बारीक झडपा असतात. अंधार दाखवायचा म्हणजे झडप मिटायची. पण जुन्या वाड्याचा दरवाजा कितीही घट्ट लावला तरी फटीतून उजेड यायचाच. तसा इथेही थोडा प्रकाश झिरपतो. म्हणून एलसीडीची रात्र काळी न दिसता राखाडी दिसते. आजच्या बहुतेक ‘एलईडी’ टीव्हींची रचना हीच आहे. फक्त मागच्या दिव्याच्या जागी एलईडी आले. ‘क्यूएलईडी’ हेही त्याच घराण्यातले, रंग अधिक शुद्ध करण्याची सोय असलेले.

पायोनियर या जपानी कंपनीने २००७ मध्ये आपल्या प्लाझ्मा संचांना ‘कुरो’ असे नाव दिले. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. टीव्हीसारख्या झगमगत्या वस्तूला कोणी ‘काळा’ हे नाव देईल, असे आपल्याला वाटणार नाही. पण चित्राचे मर्म काळ्यात असते, हे त्या तंत्रज्ञांना पक्के ठाऊक होते. जाणकारांनी कुरोला डोक्यावर घेतले. तरीही दोनच वर्षांत, २००९ मध्ये, पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. पॅनासोनिकने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजी यांनीही हात आवरला.

याची कारणे अनेक होती. प्लाझ्मा वजनाला जड होता, वीज जास्त खाई, वृत्तवाहिन्यांची बोधचिन्हे तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्यांचे डाग पडद्यावर उमटत. आणि अधिक बारीक ठिपक्यांचा पडदा एलसीडीमध्ये स्वस्तात जमू लागला होता. पण त्यांत एक कारण दुकानातल्या भिंतीचेही होते. डोक्यावर शंभर नळ्या जळत असताना बाहेरचा उजेड प्रत्येक पडद्यावर पडून परततो, आणि त्या परतणाऱ्या उजेडाहून अधिक काळे काहीच दिसू शकत नाही. म्हणजे दुकानात सगळ्यांचा काळा सारखाच. फरक दिसतो तो फक्त पांढऱ्याचा. आणि त्यात प्लाझ्मा मंद पडे. रात्री घरी जो वरचढ ठरला असता, तो दुपारी दुकानात मागे पडला.

दिवा मालवून पाहा

आमच्याकडे सोनेतारण कर्जाच्या दिवशी सराफ येऊन बसत. समोर पिढीजात पाटल्या असोत की कालची अंगठी, ते आधी खिशातून कसोटीचा दगड काढत आणि दागिना त्यावर घासत. सोन्याचा कस ज्यावर कळतो तो दगड काळा असतो. चित्राचेही तसेच आहे.

एखाद्या पडद्याचा पांढरा किती तेजस्वी आणि काळा किती गडद, यांच्या प्रमाणाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. उजेड मोजण्याचे एकक आहे निट. पांढरा १०० निट आणि काळा ०.१ निट असेल, तर प्रमाण हजारास एक. साध्या एलसीडीत मागचा दिवा पाचपट वाढवला, तर पांढरा ५०० होतो, पण काळाही ०.५ होतो, मुद्दल वाढले की व्याजही वाढावे तसे. म्हणून जाहिरातीतला तेजाचा आकडा एकटा काही सांगत नाही. आणि दहा लाखांस एक वगैरे जे ‘डायनॅमिक’ आकडे छापले जात, ते एका क्षणी पडदा पूर्ण पांढरा आणि दुसऱ्या क्षणी दिवा विझवून घेतलेले असत. चित्रपटात मात्र कंदील आणि त्याभोवतीचा काळोख एकाच वेळी दिसायला हवा असतो.

आणखी एक आकडा सांगण्याजोगा आहे. चित्रपटगृहातल्या पडद्यावरचा पांढरा उजेड ठरलेल्या मानकानुसार सुमारे ४८ निट असतो. दुकानातले टीव्ही शेकडो, काही तर हजाराहून अधिक निटांनी तळपत असतात. ज्या पडद्यासमोर आपण हसलो, रडलो, शिट्ट्या मारल्या, तो इतका मंद होता. तिथे आपल्याला उजेड कमी पडला नाही, कारण सभोवती अंधार होता.

तेव्हा परीक्षेची पहिली पायरी अशी. दुकानदाराला विनंती करून रिमोट हातात घ्या. संच बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ या भडक मांडणीवर ठेवलेला असतो. तो ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ या मांडणीवर आणा. चित्र एकदम मंद आणि पिवळसर वाटेल. घाबरू नका. पाच मिनिटे पाहत राहा, डोळे सरावतात. मग शक्य असेल तिथले दिवे कमी करायला लावा, किंवा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला संच निवडा, आणि आपल्या ओळखीच्या चित्रपटातले रात्रीचे दृश्य लावा.

यासाठी राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) उत्तम. पंकजकुमार यांचे छायाचित्रण, सततचा पाऊस, जुना वाडा आणि कंदिलाच्या उजेडात वावरणारी माणसे. चांगल्या पडद्यावर कंदिलाच्या भोवती उजेड हळूहळू विरत जातो आणि अंधारातही ओल्या दगडाचा पोत जाणवतो. वाईट पडद्यावर दोनपैकी एक घडते: एक तर सगळा अंधार धुरकट राखाडी होतो, नाही तर तो डांबर ओतल्यासारखा सपाट होऊन त्यातले तपशील बुडतात. काळ्या कोटाच्या चुण्या, काळे केस आणि त्यांमागची काळी भिंत वेगवेगळी दिसतात का, ते पाहा. उजेड विरताना पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसू लागले, तर तेही पडद्याचे किंवा आपण लावलेल्या चित्रफितीचे वैगुण्य.

आज प्लाझ्माचा वारसा ओलेड टीव्हीने उचलला आहे. त्याच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही. तो महाग आहे, आणि स्थिर चित्राचा डाग पडण्याची प्लाझ्माची खोड त्याच्यातही थोडी उतरली आहे. दिवसभर वृत्तवाहिनी चालू ठेवणाऱ्या घराने हे लक्षात घ्यावे. मागच्या दिव्याचे शेकडो छोटे भाग करून अंधाऱ्या जागेचा दिवा मंद करणारे ‘मिनी-एलईडी’ संचही आता चांगले असतात. त्यांत तपासायचे ते एवढेच, की काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धुक्याचे वलय तर दिसत नाही ना.

आणि या परीक्षेत आजोबांना मागे ठेवू नका. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते, पडद्यापर्यंत कमी उजेड पोचतो आणि जवळजवळच्या छटांमधला फरक कळेनासा होतो. नातवाला जो अंधार ‘झकास’ वाटतो, त्यात आजोबांना काहीच दिसत नसते. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला निळा रंग एकाएकी अधिक निळा दिसू लागतो. टीव्ही सगळ्या घराचा असेल, तर त्याची पारखही सगळ्या घराच्या डोळ्यांनी व्हावी.

हळद, कुंकू आणि चेहरा

रंग पारखायचे तर पोपटावरून पारखू नयेत. खरा पोपट किती हिरवा असतो हे आपल्यापैकी कोणी नीट पाहिलेले नसते. आपल्याला पक्के ठाऊक असतात ते माणसांचे चेहरे. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) मधले आजोबा आणि नातू पाहा. ती कातडी उन्हातान्हात वावरलेल्या माणसांची दिसते, की नुकतेच गाजर खाऊन आल्यासारखी? भडक मांडणीत गव्हाळ चेहरा नारिंगी होतो. लग्नाच्या दृश्यात हळद आणि केशर यांत फरक राहतो का? लाल शालूच्या घड्या दिसतात, की सगळा शालू म्हणजे लाल रंगाचा एक डाग होतो? पांढरे धोतर पांढरेच दिसते, की नीळ जास्त पडल्यासारखे निळसर? दुकानात निळसर पांढरा अधिक ‘स्वच्छ’ वाटतो, म्हणून कारखान्यातून तो तसाच येतो. चित्रपट तयार होताना मात्र ६५०० केल्व्हिन या मानकाचा, त्याहून उबदार असा पांढरा धरलेला असतो. रंगमानाच्या यादीत ‘वॉर्म’ निवडले, की आपण त्याच्या जवळ पोचतो.

‘शार्पनेस’ नावाची कळ तर शून्याच्या जवळ आणलेली बरी. ती वाढवल्याने तपशील वाढत नाहीत; प्रत्येक वस्तूच्या कडेला एक पांढरी रेघ तेवढी उमटते.

दुसरी करामत हालचालीची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये आपल्या मनाने आणखी चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटच्या सामन्यात हे काही जणांना आवडते. चित्रपटात मात्र त्यामुळे भव्य प्रसंगही दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ या नटाने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांच्यासह एक चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करायची विनंती केली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन अशा दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. टीव्हीने चित्रपटाला आपल्या अकलेचे ठिगळ लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पडद्याचा पाव भाग

टीव्ही घरी आल्यावर पहिली तक्रार हमखास येते: ‘एवढा मोठा टीव्ही घेतला आणि वर-खाली काळ्या पट्ट्या कशाला?’

आजच्या टीव्हीचा आकार १६ : ९ आहे. सिनेमास्कोप चित्रपट त्याहून कितीतरी लांबट असतो, म्हणून त्याच्या वर-खाली मिळून पडद्याचा सुमारे पाव भाग रिकामा राहतो. जुने चित्रपट उलट जवळजवळ ४ : ३ आकाराचे; त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना मिळून असाच सुमारे पाव भाग रिकामा. पैसे वसूल करायचे म्हणून लोक चित्र ताणतात. मग दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले तुकोबा एक तृतीयांशाने रुंद होतात आणि देहूचा तो विरक्त माणूस एकदम सुखवस्तू दिसू लागतो. ताणले नाही, तर कापतात. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातल्या गीता दत्तच्या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आठवा. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी तो आरशांवरून सूर्यप्रकाश परतवून मिळवला होता. त्या झोताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला काळोख हा त्या दृश्याचा अर्धा अर्थ आहे. चित्राच्या कडा कापल्या की माणसे दिसतात, पण त्यांच्यामधले अंतर नाहीसे होते. आणि काळोख राखाडी झाला, की झोत नुसता पांढरा पट्टा उरतो.

त्या काळ्या पट्ट्यांचा एक उपयोगही आहे. दिवे मालवून पाहिले असता त्या पट्ट्या टीव्हीच्या चौकटीत मिसळून गेल्या, तर समजावे काळा उत्तम आहे. त्या राखाडी चमकत राहिल्या, कोपऱ्यांत उजेडाचे ढग दिसले, तर पुढचा संच पाहावा.

बैठकीचे गणित

किती मोठा टीव्ही घ्यावा, याचे उत्तर शेजाऱ्याच्या टीव्हीवर अवलंबून नसून आपल्या सोफ्यावर आहे. चित्रपटासाठी पडद्याने आपल्या नजरेचे साधारण ३० अंश व्यापावेत, असे एक जुने मान आहे. त्याचे सोपे रूप म्हणजे पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतर. ४३ इंचांसाठी पावणेसहा फूट, ५५ साठी सव्वासात, ६५ साठी पावणेनऊ फूट. मुंबई-पुण्याच्या बेताच्या दिवाणखान्यात ही फूटपट्टी लावून पाहिली, तर बहुतेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

ठिपक्यांचेही असेच. साधारण चांगल्या नजरेला ५५ इंची पडद्यावरचे ‘फुल एचडी’चे ठिपके सात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. दहा फुटांवर बसणाऱ्याला त्याच्या चौपट ठिपके असलेल्या ‘फोर-के’चा त्या बाबतीत काही उपयोग नाही. तिथे ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा काळा आणि रंग महत्त्वाचे.

शिवाय घरात सगळेच पडद्यासमोर बसत नाहीत. एक जण खुर्चीत, एक जण खाली सतरंजीवर, एक जण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहतो. काही एलसीडी पडदे समोरून सुरेख आणि बाजूने फिके दिसतात. दुकानात चार पावले बाजूला सरकून, खाली वाकून पाहायला लाजू नये. टीव्ही बंद करून त्याच्या काळ्या काचेतही पाहावे. तिथे दुकानातले दिवे आरशासारखे दिसत असतील, तर घरी त्या जागी आपली समोरची खिडकी दिसणार आहे.

आडात नसेल तर

एवढे करूनही घरी चित्र निराश करते, तेव्हा पुष्कळदा दोष टीव्हीचा नसतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्याकडच्या डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट. वीसपैकी एकोणीस ठिपके टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. इंटरनेटवरून येणारे चित्रही वाटेत दाबून लहान केलेले असते, आणि दाबताना सर्वांत आधी बळी जातो तो अंधाराचा. म्हणून तोच चित्रपट चांगल्या ब्लू-रे चकतीवर वेगळाच दिसतो.

घरच्या जुन्या कॅसेटी तर याहून दुबळ्या. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. फिती मात्र अजून घरोघरच्या माळ्यांवर बुरशी खात पडल्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या आधी संगणकात उतरवून घ्याव्यात. टीव्ही पुन्हा कधीही घेता येतो.

आमच्याकडे धाकट्या बहिणीच्या लग्नाची अशी एक कॅसेट आहे, १९८९ सालची. तिच्यात आमची आई पंगतीत मठ्ठा वाढताना दिसते, सारी चाळीस सेकंदे. आई १९९६ मध्ये गेली. तिचे हलते चित्र जगात एवढेच. भाच्याने ती फीत उतरवून मोठ्या टीव्हीवर लावली, तेव्हा बहीण म्हणाली, “ही आई वाटत नाही रे.” आणि खरेच, चेहरा मेणाचा दिसत होता. चित्रातला खरखरीतपणा घालवणारी ‘नॉइज रिडक्शन’ नावाची सोय चालू होती, आणि आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या यंत्राला दोष वाटल्या होत्या. भाच्याने ती सोय बंद केली, शार्पनेस उतरवला, चित्र मूळच्या ४ : ३ आकारात आणले आणि आम्ही खुर्च्या मागे सरकवल्या. चित्र लहान झाले, खरखरीत झाले, रंग थोडे उडाले. मग त्यात आई दिसू लागली. कॅमेऱ्याकडे लक्ष जाताच तिने मठ्ठ्याचे भांडे डाव्या हातात घेतले आणि उजव्या हाताने पदर सावरला.

त्या चाळीस सेकंदांपुरता तरी टीव्ही जरा कमी हुशार असलेलाच बरा.